म्हाताऱ्या माणसाची गोळी

आमच्या घरमालकांना सलाम करा, नमस्कार करा किंवा नुसतं ‘काय चाचा’ म्हणा, उत्तर एकच यायचं. “पेशाब साफ?”

हा प्रश्न ते कुणालाही विचारत. पोस्टमनला विचारत, पाववाल्याला विचारत. मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराला त्यांनी हात जोडू दिले, भाषण संपू दिलं आणि मग सगळ्या कार्यकर्त्यांच्या देखत विचारलं. एका निकाहच्या जेवणात ते नवऱ्या मुलाच्या कानाशी लागले, तेव्हा लोकांना वाटलं, वडीलधारा माणूस दुवा देतोय. मुलगा कानापर्यंत लाल झाला, तेव्हा मांडवात हशा पिकला. म्हसळ्यात त्यांना लहानथोर सगळे चाचाच म्हणत. पाठीमागे आणखी काय काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी साताऱ्याकडची. म्हसळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले आणि त्यांच्या अंगणाकडची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच सकाळी तोंडात ब्रश धरून बाहेर आले, तर पायरीवर मासे साफ करत बसलेल्या या गृहस्थांनी मान वर न करता मलाही तेच विचारलं. माझं तोंड फेसाने भरलेलं. नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून मी मान डोलावली. “शाबास,” ते म्हणाले. वर्गात मी मूत्रपिंड, मूत्रवाहिनी, मूत्राशय हे शब्द फळ्यावर ठसठशीत अक्षरात लिहिते, मुलांकडून घोकून घेते. पण त्या सकाळी मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानंतर बरेच दिवस मी पुढच्या दाराने निघायचे.

चाचांचं उभं आयुष्य दुबईकडच्या टगबोटींवर भंडारी म्हणून गेलेलं. भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. गावी परत येऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांचं मनगटी घड्याळ दुबईच्या वेळेवरच होतं, आपल्यापेक्षा दीड तास मागे. नमाज मशिदीच्या वेळेला आणि जेवण घड्याळाच्या, असा त्यांचा कायदा. दुपारी दोन वाजता कुणी ‘जेवलात का’ म्हटलं, तर ते मनगट पुढे करून म्हणत, “माझे अजून साडेबारा हायत.” स्वयंपाक मात्र सगळ्या खलाशांना पुरेल एवढा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा शारजात, आणि हा माणूस रोज पातेलंभर कालवण करून गल्लीत वाटत सुटायचा. एकट्यापुरतं रांधता येतच नाही, हात चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला वाटायचं, हात चालतो, एकट्याने बसून जेवणं जमत नाही.

त्यांचा तो प्रश्नही बोटीवरचाच. “पोट, पेशाब आणि पगार, तिघांची खबर रोज घ्यायची,” असं ते म्हणत. त्यांच्या बोटीवर आपल्याच बाजूचा एक खलाशी होता. भर उन्हात काम, पाणी कमी, लघवीतून रक्त जायला लागलं. शरमेपोटी त्याने कुणाला सांगितलं नाही. कळलं तेव्हा एक मूत्रपिंड गेलेलं होतं आणि दुसरं जायच्या वाटेवर होतं. ही गोष्ट चाचा कालवण ढवळता ढवळता सांगत आणि शेवटी म्हणत, “मी त्याला रोज मच्छी वाढत व्हतो. मना एकदा इचारता आलं नाय?” त्यानंतर त्यांनी कुणालाच सोडलं नाही.

एवढं ऐकूनही, माझ्यावर वेळ आली तेव्हा मी काय केलं? शरमले.

मला मूतखडा झाला. अलिबागच्या एका दवाखान्यात दुर्बिणीने तो काढला, आणि डॉक्टरांनी मूत्रवाहिनीत एक नळी ठेवून दिली. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत गेलेली, दोन्ही टोकांना वळलेली बारीक नळी. काही आठवड्यांनी काढू म्हणाले. आई चार दिवस अलिबागला येऊन राहिली आणि जाताना बजावून गेली, “अपेंडिक्स म्हण, नाहीतर पोटाचं काहीतरी म्हण. लग्नाची आहेस. असलं दुखणं बाहेर फुटलं की स्थळं येत नाहीत.” मी शाळेत पोटाचं ऑपरेशन म्हटलं. चाचांनाही तेच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि गंमत म्हणजे नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

ती नळी अंगात असताना माणसाचं काय होतं हे पुस्तकात नाही. सारखं जावंसं वाटतं. जाऊन आलं तरी वाटतं. जाताना कमरेत अशी कळ येते की भिंत धरावी लागते. जिना चढला, रिक्षात हादरा बसला, की लघवीचा रंग बदलतो. डॉक्टरांनी नळीच्या त्रासावर एक गोळी दिली होती, रात्री जेवणानंतर घ्यायची. “ही खरं तर म्हाताऱ्या पुरुषांना देतो आम्ही, प्रोस्टेटसाठी,” ते हसून म्हणाले, “पण नळीलाही हिचा उपयोग होतो. स्नायू सैल पडतात. उठताना एकदम उठू नका, चक्कर येईल.” चक्कर आली, पण गोळीने कळ बरीच सोसवेल एवढी झाली आणि एक तास वर्गात उभं राहता येऊ लागलं. तोवर मी मुलांना आकृत्या काढायला लावून पळत होते. आमच्या बाईंना उत्सर्जन संस्थेची आकृती फार आवडते, असं मुलं एकमेकांना सांगायची.

घरी मात्र पळायलाही जागा नव्हती. संडास अंगणाच्या टोकाला, आणि त्याची कडी अशी करकरायची की गल्लीला कळावं. रात्रीतून कितीदा ती वाजे आणि दर वेळी मी मनात मरे. एका सकाळी कडी ओढली आणि ती वाजलीच नाही. बोटांना खोबरेल तेल लागलं. त्याच दिवसापासून चाचांची मासे साफ करायची पाटी पायरीवरून उठून पुढच्या ओट्यावर गेली. अंगणाकडे आता त्यांची पाठ असे. आणि दुपारी माझ्या दाराच्या कोयंड्याला एक छोटी किटली लटकलेली असे, तिच्यात कुळथाचं कढण. गावभर ज्यांच्या तोंडाला दार नव्हतं, ते माझ्या बाबतीत एक शब्द बोलत नव्हते. मला हायसं वाटायचं आणि लगेच लाजही वाटायची, कारण याचा अर्थ त्यांना सगळं कळलं होतं.

नळी काढायच्या वेळी तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. काढणं पुढे गेलं आणि माझ्या गोळ्या संपल्या. दोन रात्री तशाच काढल्या. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर, रिकामी पट्टी रुमालात गुंडाळून मी एसटी स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये गेले. गर्दी कमी असेल अशी वेळ साधली होती. पण तिथे माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील, दोन बायका आणि खोकल्याचं औषध घ्यायला आलेला आमचा शिपाई, असा सगळा दरबार भरलेला. मी पट्टी हळूच सरकवली. दुकानदार स्वभावाने चांगला, पण आवाज लिलावातला.

“मॅडम, ही तर म्हाताऱ्या पुरुषांची गोळी. प्रोस्टेटची. कोणासाठी पायजे?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भावासाठी म्हणावं, वडिलांसाठी म्हणावं, एवढंही सुचेना. आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

“माझी हाय ती.”

चाचा केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे. हातात बामची बाटली. “बाईंना मीच बोल्लो, शाळेतून येताना घेऊन या. किती इचारतोस? म्हातारा मी नाय तर काय तू हायस?”

दुकानदार हसला. बायका पदराआड हसल्या. शिपाई म्हणाला, “काय चाचा, पेशाब साफ?” आणि मग सगळं दुकान मोकळेपणाने हसलं. इतक्या वर्षांचं उट्टं निघालं. चाचा ताठ उभे राहून म्हणाले, “गोळी चालू हाय.”

घरी येताना ते माझ्यापुढे दहा पावलं चालत होते. अंगणात पोचल्यावर त्यांनी पट्टी किटलीच्या झाकणावर ठेवली आणि आत गेले. मी आभारही मानले नाहीत. आभार मानायचे तर कशाबद्दल हे बोलावं लागलं असतं.

तेव्हापासून गोळ्या तेच आणत. आणि गाव तेव्हापासून त्यांनाच विचारू लागलं. पोस्टमन विचारी, पाववाला विचारी, पोरंटोरं लांबून ओरडून पळत. चाचा दरवेळी तितक्याच गंभीरपणे अहवाल देत, “आज बरा हाय,” “आज जरा त्रास हाय.” माझ्या खोलीत बसून मी ऐके. कुठल्या दिवशी त्रास आहे हे ते अचूक सांगत, कारण तो माझा असे.

इथवर हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याच दिवसांत चाचांच्या दुसऱ्या निकाहची बोलणी चालली होती, हे मला ठाऊक होतं. दिघीची एक बाई, विधवा, भावाकडे राहणारी. भाऊ मासळीच्या गाड्या चालवायचा. चाचांनी दाढीला मेंदी लावायला सुरुवात केली होती, नवा चष्मा केला होता. शारजाच्या मुलाने फोनवर होकार दिला होता. ईद झाली की उरकून टाकायचं ठरत आलेलं. एकदा कोळंबी सोलता सोलता ते मला म्हणाले होते, “बाई, तिच्या हातची कोलमी खाल्ली मी. मीठ कमी व्हतं. पण मी बोल्लो नाय.” दुसऱ्याच्या कालवणाला नाव न ठेवणारे चाचा मी त्याआधी पाहिले नव्हते.

एका संध्याकाळी मी अंगणाच्या टोकाला, म्हणजे कुठे ते आता सांगायला नको, आणि बाहेर मोटरसायकल थांबली. तो भाऊ होता. अंगणातच उभं राहून बोलायला लागला. मी आत. बाहेर यावं तर त्या दोघांच्या मधून जावं लागणार. कडी धरून उभी राहिले.

“चाचा, खरं काय ते सांग. ती गोळी तुझी?”

“माझी.”

“लोक बोलतात ते खोटं नाय म्हणजे.”

“लोकांना दुसरा काम काय हाय?”

“माझी बहीण एका आजारी नवऱ्याचं सगळं काढून बसलीय. सहा वर्षं बेडपॅन दिलं तिने. परत तेच? मना नाय जमणार, चाचा. राग नको मानू.”

मला वाटलं, आता चाचा खरं सांगतील. पाच पावलांवर, पत्र्याच्या दाराआड, त्या गोळीची मालकीण उभी होती. एक शब्द पुरला असता. चाचा म्हणाले, “चहा घेऊन जा.” तो न घेता गेला. मोटरसायकलचा आवाज विरला तरी मी बाहेर आले नाही. चाचा आत गेल्यावर, दार लावून घेतल्यावर आले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पहिल्यांदाच कारण नळी नव्हती. चाचांचं घर मोडत होतं आणि ते माझ्या लाजेपायी मोडत होतं. आईला फोन केला. आई म्हणाली, “तू मध्ये पडू नकोस.” रविवारी सकाळी मी दिघीची रिक्षा पकडली.

त्या रस्त्याने माझी जी दशा केली ती सांगत नाही. त्या घराच्या दारात पोचले तेव्हा मी ज्या कामाला आले होते ते राहिलं बाजूला, माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, “आपा, बाथरूम कुठे आहे?” चाचांची होणारी बायको समोरच उभी होती. गोल चेहऱ्याची, हाताला बेसन लागलेली. काही न विचारता तिने मला मागे नेलं. मी बाहेर आले तेव्हा ती तांब्या घेऊन उभी होती, आणि माझा पांढराफटक चेहरा पाहून म्हणाली, “बस जरा, बाय. घाई नाय.” मला तिच्याशी तिथेच, मोरीपाशीच सगळं बोलता आलं असतं. पण भावाने हाक मारली. ओट्यावर तो आणि त्याचे दोन पाहुणे बसले होते. आपा दाराच्या आत थांबली.

मी मनात वाक्य तयार करून आणलं होतं. “ती गोळी चाचांची नाही. माझी आहे. माझ्या मूत्रवाहिनीत नळी बसवलेली आहे, तिच्या त्रासासाठी ती देतात.”

“कशात?” भाऊ म्हणाला.

पुस्तकातला शब्द कामाला आला नाही. तीन परक्या पुरुषांसमोर मला ते साध्या भाषेत, हात लावून सांगावं लागलं. पेशाबाच्या वाटेत नळी आहे. आग होते. सारखं जावं लागतं. चाचा अगदी ठणठणीत आहेत, त्यांना काही झालेलं नाही. माझी अब्रू राखायला ते ‘गोळी माझी’ म्हणाले. पाहुण्यांनी माना खाली घातल्या. माझे कान तापले होते, पण मनात एक अभिमानही होता, हे कबूल करते. बोलले एकदाची, असं वाटत होतं.

भावाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, “तुमचं घरचं कोण नाय म्हसळ्यात?”

“नाही. एकटीच राहते.”

“चाचाच्याच घरात.”

“हो. अंगणाकडच्या खोलीत.”

“गोळ्या तोच आणून देतो.”

“हो, दरवेळी.”

“आणि जेवण?”

“जेवण नाही, कढण. रोज दारात किटली ठेवतात. माझी फार काळजी घेतात हो. नाहीतर कोण करतं एवढं परक्यासाठी?”

चांगल्या विद्यार्थिनीसारखी मी भराभर उत्तरं देत होते. पाहुण्यांपैकी एकाने दुसऱ्याकडे पाहिलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय सांगून बसले होते. एकटा पुरुष, एकटी पोरगी, एक अंगण. तिचं नाजूक दुखणं त्याला ठाऊक. तिच्यासाठी तो गावाचं हसं सोसतो आणि होणाऱ्या मेव्हण्याच्या तोंडावर खोटं बोलतो. “तसं काही नाही हो,” मी म्हणाले. आणि असं म्हणणाऱ्या बाईवर जगात कुणी विश्वास ठेवला आहे?

“कळलं,” भाऊ म्हणाला, आणि उठला.

आपा मला रिक्षापर्यंत सोडायला आली. तिने माझा हात धरला होता आणि हाताचं बेसन माझ्या मनगटाला लागलं. “तू खरी हायस, बाय. मना तुझ्या तोंडावरून दिसतं. तो पण भला हाय. गोळीचं मी भावाला दोन दिवसांत मनवलं असतं. म्हातारा नवरा मना चालला असता.” ती थांबली. “आता हे काय सांगून मनवू?”

परत येताना मी रिक्षात रडले. रिक्षावाल्याने आरसा वळवून घेतला.

बातमी माझ्याआधी म्हसळ्यात पोचली होती, फोनला कितीसा वेळ लागतो? चाचा पायरीवर बसले होते, अंगणाकडे तोंड करून, जिथे ते इतके दिवस बसत नव्हते. दाढीची मेंदी मुळाशी पांढरी व्हायला लागली होती. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. चाचा मला माफ करा, मी तुमच्या भल्यासाठी गेले होते, माझ्या लाजेपायी तुमचं मोडत होतं ते मला बघवेना, असं काय काय बोलले. अर्ध्यावर रडू आलं.

“खरं बोललात. खऱ्याची माफी काय मागायची?” चाचा म्हणाले. “तुमची काय चूक नाय, बाई. तुम्ही घाटावरच्या. तुमाला वाटलं, खरं सांगितलं की काम झालं.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “पण एवढं हाय. गोळी माझी व्हती तवर मी नुसता म्हातारा व्हतो.”

मला त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी पायरीकडे पाहत उभी राहिले. चाचांनी खिशात हात घातला आणि नवी पट्टी काढून माझ्यापुढे धरली. आदल्या दिवशी माझ्या गोळ्या संपल्या होत्या, आणि त्या दिवशीही ते मेडिकलमध्ये जाऊन, सगळ्यांच्या नजरा झेलून, ती घेऊन आले होते.